अमेरिकेतलं पहिलं टॅक्स रिटर्न: कागद कुणाच्या हाती द्यायचे?

जानेवारी संपता संपता कंपनीकडून डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, येतो आणि दोन दिवसांत कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो प्रश्न पडतोच: "कुणाला चांगला टॅक्सवाला माहीत आहे का? स्वस्तातला." खाली धडाधड चार-पाच नंबर येतात. प्रत्येक नंबराबरची शिफारस जवळपास सारखीच असते: "मला रिफंड भरपूर मिळवून दिला."

मीही पहिल्या वर्षी असाच एक नंबर उचलला होता. तेव्हा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर होतो, कॅम्पसवर तासांवर काम करत होतो. समोरच्यानं डब्ल्यू-२, विद्यापीठाचा फीचा दाखला १०९८-टी आणि बँकेचा खाते क्रमांक मागितला. संध्याकाळपर्यंत रिटर्न तयार. रिफंडही घसघशीत आला, आम्ही रूममेट्स जेवून आलो. दोन वर्षांनी ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीच्या, काळात एका जाणत्या बाईंनी ते जुने कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. रेसिडंटसाठी असलेला फॉर्म १०४० भरला होता आणि शिक्षणासाठीचं क्रेडिट घेतलं होतं. माझ्यासारख्या नॉन-रेसिडंट विद्यार्थ्याला ते मिळतच नाही. १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते पैसे व्याजासकट परत केले. रिटर्न ज्यानं केलं त्याचा नंबर तोवर लागेनासा झाला होता, आणि लागला असता तरी उपयोग काय? रिटर्नवर सही माझी होती.

पुढे विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. त्या माणसानं मला अमेरिकेत कधी आलो हे विचारलंच नव्हतं. चांगला टॅक्सवाला ओळखायची माझी खूण तेव्हापासून तीच आहे: तो तुम्हाला काय सांगतो यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो ते बघायचं. पण त्याचे प्रश्न बरोबर आहेत की नाहीत हे कळायला आपली परिस्थिती आधी आपल्याला माहीत हवी. म्हणून सुरुवात घरातूनच.

पायरी १: आधी स्वतःचं गाठोडं सोडा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि नेमकी तीच लोक टाळतात. एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा.

पहिली, व्हिसा आणि तारखा. टॅक्सच्या हिशेबात तुम्ही रेसिडंट की नॉन-रेसिडंट हे ग्रीन कार्ड नसलेल्यांच्या बाबतीत मुख्यतः दिवस मोजून ठरतं. या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश, अशी बेरीज १८३ किंवा जास्त झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे काढलेले असले, की तुम्ही रेसिडंट. एफ-१ विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस यात धरत नाहीत. इथे 'कॅलेंडर वर्ष' महत्त्वाचं: डिसेंबरच्या २८ तारखेला उतरलात तरी ते अख्खं वर्ष खर्ची पडतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचे दिवस मात्र पहिल्या दिवसापासून मोजतात.

हे किती गुंतागुंतीचं होऊ शकतं याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे १ ऑक्टोबरला एच-१बीवर थेट भारतातून आलेलं जोडपं. वर्षअखेरपर्यंत दिवस भरतात ९२. म्हणजे त्या वर्षापुरतं सरळ उत्तर नॉन-रेसिडंट, फॉर्म १०४०-एनआर, आणि नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नाही. पण दुसरी वाटही आहे. 'फर्स्ट-इयर चॉइस', म्हणजे पहिल्याच वर्षी रेसिडंट धरून घ्यायची निवड, घेऊन, मग दोघांनी पूर्ण वर्षासाठी रेसिडंट धरून घ्यायचं आणि एकत्र रिटर्न भरायचं. त्यात मोठं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, पण जानेवारी ते सप्टेंबरचा भारतातला पगारही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतो, आणि तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यावं लागतं. शिवाय ही निवड करण्यासाठी पुढच्या वर्षी दिवसांची अट पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. ती जूनच्या सुरुवातीला पूर्ण होते, म्हणजे मुदतवाढ घेणं आलं. कोणती वाट फायद्याची हे आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही. जो माणूस हे दोन्ही हिशेब करून दाखवेल तो तुमच्या कामाचा. "एच-१बी ना? मग १०४०," असं म्हणून जो फोन ठेवतो तो नव्हे.

दुसरी गोष्ट, भारतात मागे काय ठेवून आलात. आपल्याकडच्या बहुतेकांचं रिटर्न अडतं ते इथे. पगार खातं, मुदत ठेवी, पीपीएफ, म्युच्युअल फंड, भाड्यानं दिलेला फ्लॅट, आणि आईबाबांनी सोयीसाठी जॉइंट केलेलं खातं, ज्यात तुमचा एक रुपया नाही. टॅक्ससाठी रेसिडंट झालात की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्र आहे. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेचं वार्षिक व्याज प्रमाणपत्र जसंच्या तसं चालत नाही, महिने जुळवून घ्यावे लागतात.

खात्यांची माहिती देण्याचं काम त्याहून वेगळं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही, अगदी एका दिवसासाठीसुद्धा, १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. तो आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, रिटर्नचा भाग नाही. फिनसेन नावाच्या दुसऱ्या यंत्रणेकडे तो वेगळा, ऑनलाइन भरायचा असतो. आईबाबांचं जॉइंट खातंही यात येतं. टॅक्स शून्य असला तरी दंड मात्र होऊ शकतो, आणि तो नकळत झालेल्या चुकीलाही. तो खात्यामागे लावायचा की अहवालामागे यावरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०२३ मध्ये बिटनर खटल्यात निकाल लागला की, जाणूनबुजून न केलेल्या चुकीसाठी दंड अहवालामागे. रक्कम मोठी असेल तर रिटर्नबरोबर फॉर्म ८९३८ सुद्धा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्या व्यक्तीसाठी त्याची मर्यादा वर्षअखेरीला ५०,००० किंवा वर्षात कधीही ७५,००० डॉलर, एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी याच्या दुप्पट.

आणि म्युच्युअल फंड. भारतातल्या म्युच्युअल फंडांना अमेरिकेचा कायदा सामान्यतः पीएफआयसी, म्हणजे नुसत्या गुंतवणुकीवर चालणारी परदेशी कंपनी, या वर्गात टाकतो. त्याचे नियम जाचक आहेत, फॉर्म ८६२१ प्रत्येक फंडासाठी वेगळा, आणि तो नीट भरता येणारी माणसं कमी. तुमच्या एसआयपी चालू असतील तर ही एकच गोष्ट तुमचा टॅक्सवाला कोण असावा हे ठरवून टाकते.

तिसरी गोष्ट, इथलं उत्पन्न. नुसता पगार असेल तर सोपं. कंपनीचे शेअर, म्हणजे आरएसयू, मिळाले असतील तर जपून. ते हातात पडतात तेव्हाच त्यांची किंमत डब्ल्यू-२ मध्ये पगार म्हणून धरलेली असते. पण पुढे ते विकले की ब्रोकरच्या १०९९-बीवर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, खरेदीची किंमत पुष्कळदा शून्य किंवा रिकामी दिसते. बेसावध माणूस तीच उचलतो आणि एकाच पैशावर तुम्ही दोनदा टॅक्स भरता.

चौथी, राज्य. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला कामाला जाणारा दोन राज्यांची रिटर्नं भरतो. वर्षाच्या मध्यात न्यू जर्सीहून टेक्सासला गेलेल्याला टेक्सासचं रिटर्न नाही, कारण तिथे राज्याचा आयकरच नाही, पण न्यू जर्सीचं अर्ध्या वर्षाचं राहतंच. कॅलिफोर्नियासारखं राज्य फेडरल, म्हणजे केंद्र सरकारनं दुसऱ्या देशांशी केलेले, कर-करार मानत नाही.

पायरी २: मुळात माणूस लागतो का?

दरवेळी लागत नाही. एफ-१ वर आहात, एकच डब्ल्यू-२ आहे, तर विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय बहुधा नॉन-रेसिडंटसाठीचं सॉफ्टवेअर देतं. आधी तिकडे विचारा. टीव्हीवर जाहिरात दिसणारी सॉफ्टवेअर्स उघडून बसू नका. त्यातली लोकप्रिय नावंसुद्धा १०४०-एनआर करत नाहीत, आणि 'तुम्ही चुकीच्या ठिकाणी आला आहात' असं ठळकपणे सांगतीलच असंही नाही. काहीच कमावलं नसेल तरी, आपले दिवस मोजायचे नाहीत हे कळवणारा, फॉर्म ८८४३ भरायचा असतो. तो स्वतः भरता येतो, त्यासाठी पैसे मोजू नका.

कमी उत्पन्न असलेल्यांसाठी व्हिटा नावाची मोफत सेवा आहे. वाचनालयांत, सामाजिक केंद्रांत स्वयंसेवक बसतात. पण प्रत्येक केंद्रावर नॉन-रेसिडंटचं रिटर्न करणारा प्रशिक्षित स्वयंसेवक नसतो, जाण्यापूर्वी फोन करून विचारा.

पूर्ण वर्ष रेसिडंट, एक पगार, एक राज्य, भारतात जवळजवळ काही नाही, तर एक शनिवार काढून स्वतः करून बघा. एकदा हातानं केलेलं असलं की पुढे कुणाकडे दिलं तरी वाचता येतं.

पायरी ३: नावापुढच्या अक्षरांचा अर्थ

इथे नव्यानं आलेल्याची हमखास फसगत होते. भारतात 'सीए' म्हटलं की डोळ्यांपुढे एक ठरावीक अभ्यास, आर्टिकलशिप, संस्था उभी राहते. अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याचं फेडरल रिटर्न करायला कायद्यानं जे लागतं ते फक्त पीटीआयएन, म्हणजे 'पी' या अक्षरानं सुरू होणारा एक नोंदणी क्रमांक. त्यासाठी परीक्षा नाही. आयआरएसनं २०११ च्या सुमाराला सगळ्या प्रिपेअररांना, म्हणजे पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्यांना, परीक्षा आणि प्रशिक्षण सक्तीचं करायला घेतलं होतं, पण तीन प्रिपेअरर कोर्टात गेले आणि २०१४ मध्ये लव्हिंग खटल्यात अपील कोर्टानं सांगितलं की आयआरएसला तो अधिकारच नाही. ओरेगन, कॅलिफोर्निया, मेरीलँड, न्यूयॉर्क अशा काही राज्यांनी आपापले नियम केलेत. बाकी बऱ्याच ठिकाणी केस कापायला परवाना लागतो आणि रिटर्न भरायला लागत नाही, अशी गंमत आहे.

तेव्हा "आमच्याकडे आयआरएस रजिस्टर्ड नंबर आहे" हे वाक्य ऐकून भारावून जाऊ नका. तो नसता तर धंदाच बेकायदा झाला असता.

खरी पात्रता तीन प्रकारची. एनरोल्ड एजंट, म्हणजे ईए: यांना परवाना आयआरएस देतं, टॅक्सवरची तीन भागांची परीक्षा किंवा आयआरएसमधल्या नोकरीचा अनुभव लागतो, दर तीन वर्षांत ७२ तासांचं शिक्षण सक्तीचं. या पदाची मुळं १८८४ सालच्या कायद्यात आहेत. यादवी युद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई सरकारकडून उकळणारे भामटे दलाल वाढले, म्हणून दलालांनाच परवाना लावला. सीपीए, म्हणजे साधारण आपल्याकडच्या सीएसारखा हिशेबनीस: परवाना राज्याचा, परीक्षा अवघड, विषय व्यापक. पण सीपीए आहे म्हणजे वैयक्तिक टॅक्स येतोच असं धरून चालू नका. अनेकांची हयात कंपन्यांच्या ऑडिटमध्ये गेलेली असते. आणि टॅक्स वकील: कित्येक वर्षं एफबार भरलाच नाही, आता काय, अशा प्रकरणात पहिला फोन वकिलाला, कारण त्याच्याशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं सर्वांत भक्कम संरक्षण आहे. साध्या रिटर्नसाठी वकील म्हणजे डास मारायला तोफ.

या तिघांना तुमच्या वतीनं आयआरएसपुढे कुठल्याही बाबतीत उभं राहता येतं. चौथा एक गट आहे, दरवर्षी आयआरएसचा ऐच्छिक अभ्यासक्रम पूर्ण करणारा. त्यांना फक्त स्वतः केलेल्या रिटर्नपुरतं आणि तेही खालच्या पातळीवर बोलता येतं. नुसता पीटीआयएन असलेल्याला तेवढंही नाही. नोटीस आली की तो म्हणणार, "तुम्हीच फोन करा."

माझं मत विचाराल तर भारतात खाती आणि फंड असलेल्या पगारदार माणसानं आंतरराष्ट्रीय रिटर्नं नेहमी करणारा ईए किंवा छोट्या फर्मचा सीपीए शोधावा. दोन्हींत डावंउजवं करू नका, अनुभव कशाचा आहे ते बघा. भारतातलं रिटर्न मात्र वेगळं प्रकरण आहे, ते तिकडच्या सीएकडेच राहू द्या. दोघांना एकमेकांचा ईमेल देऊन ठेवलात तर उत्तम.

पायरी ४: पाच मिनिटांची पडताळणी

आयआरएसच्या संकेतस्थळावर पात्रताधारक प्रिपेअररांची यादी आहे, नाव आणि पिनकोड टाकून शोधता येते. सीपीएचा परवाना चालू आहे का हे त्या राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाकडे दिसतं, वकिलाचा राज्याच्या बारकडे. नाव सापडलं नाही तर थेट विचारा. स्पष्टीकरण लांबत गेलं की समजा.

पायरी ५: पहिला फोन

फेब्रुवारीच्या मध्यानंतर चांगल्या माणसांना मान वर करायला वेळ नसतो आणि मार्चमध्ये ते नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत. फोन डिसेंबर-जानेवारीत करा. आपल्या चार ओळी वाचून दाखवा आणि मग गप्प बसा.

आता ऐका. तो विचारतो का, की अमेरिकेत पहिल्यांदा कधी आलात, आधी कुठल्या व्हिसावर, मधे किती दिवस बाहेर होतात? लग्न कधी झालं, जोडीदार कुठे आहे, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक आहे की त्याऐवजी चालणारा कर क्रमांक, आयटीआयएन, काढायचा? बाहेर बँक खाती आहेत का, कुणाच्या खात्यावर तुमची सही चालते का? फंड आहेत का? गेल्या वर्षीचं रिटर्न दाखवाल का? एफ-१ वर असताना कंपनीनं पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलं होतं का? हा शेवटचा प्रश्न ज्याला सुचतो त्याला एक गुण जास्त द्या. नॉन-रेसिडंट विद्यार्थ्याला ती कपात, ६.२ आणि १.४५ टक्के, लागू नसते, ओपीटीवरही, आणि चुकून झाली असेल तर परत मागता येते.

तुमचेही प्रश्न असू द्यात. १०४०-एनआर आणि दुहेरी दर्जाची, म्हणजे काही महिने नॉन-रेसिडंट आणि काही महिने रेसिडंट असलेल्यांची, रिटर्नं दरवर्षी करता का? फॉर्म ८६२१ शेवटचा कधी भरलात? एफबार तुम्ही भरणार की मी? रिटर्न प्रत्यक्षात कोण तयार करणार, आणि सही कुणाची? नोटीस आली तर त्याचे वेगळे पैसे का? उन्हाळ्यात तुम्ही सापडाल का? हंगामापुरती थाटलेली दुकानं रिटर्नची १५ एप्रिलची मुदत संपली की शटर ओढतात, आणि आयआरएसची पत्रं त्यानंतरच यायला लागतात.

"मला बघून सांगावं लागेल" या उत्तरानं बिचकू नका. एसआयपीचा विषय निघाल्यावर जो लगेच "नो प्रॉब्लेम" म्हणतो, त्याची मला जास्त भीती वाटते.

आयटीआयएनची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एच-१बीवाल्याबरोबर एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराचा आयटीआयएन फॉर्म डब्ल्यू-७ नं रिटर्नबरोबर मागायचा असतो आणि त्यासाठी पासपोर्टची खातरजमा लागते. मूळ पासपोर्ट टपालानं पाठवून आठवडेच्या आठवडे त्याच्याविना बसायचं नसेल, तर 'सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट' असलेला प्रिपेअरर शोधा. तो पासपोर्ट पाहून तिथेच परत देतो.

पायरी ६: पैशांचं बोलणं

फी प्रत्येक फॉर्ममागे असते, तासावर असते किंवा ठरावीक रक्कम असते. यातली कुठलीही पद्धत चालेल, फक्त काम सुरू होण्याआधी लेखी घ्या: त्यात राज्याचं रिटर्न, एफबार, ८६२१ धरलंय की नाही तेही लिहून घ्या. नाहीतर सांगितलेला आकडा आणि बिलाचा आकडा यांची ओळखही लागत नाही.

फी रिफंडाच्या टक्केवारीत मागितली तर तिथेच थांबा. आयआरएस स्वतः अशा प्रिपेअररांपासून दूर राहायला सांगतं. रिफंड फुगवण्यात ज्याचा हिस्सा आहे त्याचं मन कुठल्या बाजूला झुकणार हे वेगळं सांगायला नको. 'आजच रिफंड हातात' अशी जाहिरात दिसली तर ते बहुधा कर्ज असतं, किंवा त्यामागे वेगळी फी लपलेली असते.

पायरी ७: इथून उठा

रिटर्नवर स्वतःची सही आणि पीटीआयएन टाकायला नकार देणारा प्रिपेअरर. आयआरएस यांना 'घोस्ट' म्हणतं. रिटर्न तुम्हीच केलं असं कागदावर दिसतं आणि भूत गायब होतं. रिफंड स्वतःच्या खात्यात मागवणारा. कोरा फॉर्म सही करून मागणारा. तुमचे कागद न बघता रिफंडाचा आकडा सांगणारा.

काही आमिषं खास आपल्या लोकांसाठी असतात. "आईवडलांना डिपेंडंट दाखवू." भारतात राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आईवडलांना डिपेंडंट दाखवता येत नाही, तुम्ही त्यांचा सगळा खर्च करत असलात तरी. "लॅपटॉप, फोन, नोकरीसाठी घर हलवल्याचा खर्च टाकू, कोण बघतंय?" साध्या नोकरदाराला फेडरल रिटर्नवर या वजावटी २०१८ पासून मिळत नाहीत. "देणग्या थोड्या दाखवूया." दिल्या नसतील तर नाही. अशी वाक्यं बोलणारा माणूस प्रेमळ असतो, मराठीतही बोलतो, लेकराबाळांची चौकशी करतो. चूक सापडली की कमी भरलेला टॅक्स, व्याज आणि वर साधारण २० टक्के दंड तुमच्या नावे येतो. लबाडी सिद्ध झाली तर ७५ टक्के.

कुणी असं केलंच असेल तर तक्रारीसाठी फॉर्म १४१५७ आहे. तुम्हाला न विचारता रिटर्न बदललं असेल तर १४१५७-ए.

पायरी ८: कागद कसे द्यायचे

व्हॉट्सॲपवर डब्ल्यू-२ चा फोटो पाठवू नका. पाठवणारे खूप आहेत, म्हणून परत सांगतो, पाठवू नका. सोशल सिक्युरिटी क्रमांक, पगार, पत्ता एकाच कागदावर असतो. पासवर्ड असलेलं सुरक्षित पोर्टल हवं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या टेबलावर इतरांचे कागदही असेच पडलेले असणार.

तुमचं रिटर्न प्रत्यक्षात भारतात बसलेला कुणी तयार करत असेल, तर तुमची माहिती देशाबाहेर देण्यासाठी प्रिपेअररला तुमची लेखी संमती लागते. सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद असतो, वाचून सही करा. त्यात गैर काही नाही, पण माहीत असावं.

घाईही करू नका. शिष्यवृत्ती किंवा दोन देशांमधल्या कर-करारातली सवलत असलेल्यांचा १०४२-एस हा दाखला मार्चच्या मध्यापर्यंत येतो. तो यायच्या आत रिटर्न भरलं की दुरुस्ती ठरलेली. वेळ कमी पडला तर फॉर्म ४८६८ नं १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. मुदत कागदांना मिळते, पैशांना नाही. देणं निघणार असेल तर अंदाजे रक्कम १५ एप्रिलपर्यंत भरून टाका.

पायरी ९: सही करण्याआधी अर्धा तास

ई-फाइल करण्यासाठी प्रिपेअरर फॉर्म ८८७९ पाठवतो. त्यावरची सही म्हणजे 'रिटर्न मी पाहिलं, बरोबर आहे' असं तुमचं म्हणणं. तेव्हा सगळं रिटर्न मागवा, नुसतं सारांशाचं पान नको.

पहिलं पान: नावाचं स्पेलिंग सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच आहे का? कुणाचं नाव आणि आडनाव उलटंपालटं झालेलं असतं, कुणाच्या वडलांचं नाव मधेच घुसलेलं असतं. फाइलिंग स्टेटस आणि डिपेंडंट नीट बघा. डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीचा आकडा रिटर्नवर शोधा. बँक खात्याचा क्रमांक आकड्यागणिक वाचा, तो तुमचाच हवा. रेसिडंट असाल तर शेड्यूल बी या रिटर्नच्या पुरवणीचा तिसरा भाग उघडा: परदेशात खातं होतं का, हो की नाही. तिथे 'नाही'वर खूण असेल आणि तुमचं पुण्यात किंवा नाशकात खातं असेल, तर थांबा. ही छोटी खूण पुढे फार महागात पडते. शेवटी प्रिपेअररचं नाव, सही आणि पीटीआयएन.

जो आकडा कळत नाही त्यावर बोट ठेवून विचारा. चांगला माणूस दोन वाक्यांत सांगतो.

भरून झाल्यावर पूर्ण प्रत मिळायलाच हवी, तो तुमचा हक्क आहे. त्याबरोबर ई-फाइल स्वीकारल्याची पोच आणि एफबार भरला असेल तर त्याची वेगळी पोच घ्या. कागद साधारणपणे तीन वर्षं ठेवायला सांगतात, मी सहा वर्षं ठेवतो, कारण उत्पन्न बरंच कमी दाखवलं गेलं असेल तर आयआरएसला सहा वर्षं मागे जाता येतं. त्याच फोल्डरमध्ये भारतातल्या प्रत्येक खात्याची त्या वर्षातली सर्वाधिक शिल्लक लिहून ठेवा, आणि आय-९४ च्या, म्हणजे देशात आल्या-गेल्याच्या सरकारी नोंदीच्या, संकेतस्थळावरचा प्रवासाचा इतिहास उतरवून घ्या. पुढच्या जानेवारीत टॅक्सवाल्यानं "यंदा किती दिवस बाहेर होतात?" असं विचारलं, की जुने बोर्डिंग पास शोधत बसावं लागणार नाही.